पुढची खोली आणि एक प्रलंबित तक्रार

मी, शरिफा भ्रतार चाँदभाई आतार, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आमच्या घरात याला वसियतनामा म्हणतात. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून सही घेतलेली नाही. उलट "आपा, आत्ताच कशाला?" असे म्हणणारेच घरात आहेत. आत्ताच, याचे कारण माझी मूत्रपिंडे. ती दमली आहेत, आणि "पुढच्या आठवड्यात लिहू" म्हणालेली पुष्कळ माणसे मी नोकरीत पाहिली आहेत.

मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आणायला गेले तेव्हा तरुण डॉक्टरांनी आज वार कोणता, गाव कोणते, विसातून सात गेले किती, असे विचारले. मी उत्तरे दिली आणि म्हटले, आलेच आहे तर पायाच्या बोटाची जखमही पाहा, साखरेच्या रोग्याची आहे, भरत नाही. ते म्हणाले, "सिस्टर, त्याला वेगळा केस पेपर काढावा लागेल." खिडकी तोवर बंद झाली होती. अशा रीतीने माझे डोके शाबूत असल्याचे सिद्ध झाले आणि मी पाय घेऊन तशीच घरी आले.

१. माझे पती चाँदभाई एस.टी.त कंडक्टर होते. ते आता नाहीत. आम्हाला मूल झाले नाही. आईवडील गेले. तेव्हा कायद्याने वारस एकच, माझा धाकटा भाऊ गनीभाई (माझे माहेरचे आडनावही आतारच), याच गावात राहणारा. आमच्या शरियतीप्रमाणे मला मिळकतीचा फक्त एक तृतीयांश भाग वारसाबाहेरच्या माणसाला देता येतो, बाकी वारसाचे. वकील सुकन्याताईंनी हे मला दोनदा समजावले, कारण पहिल्यांदा मी वाद घातला. आता मान्य आहे. या कागदात जे काही आहे ते त्या एका हिश्श्यात बसवले आहे.

२. माझ्या देहाबद्दल. तिसगावच्या कब्रस्तानात चाँदभाईंच्या शेजारी जागा मिळाली तर बरे, न मिळाली तर तिथे भांडण करू नये. डोळे दान करावेत. गनीभाईला हे पटत नाही, त्याने मला तसे सांगितले, मी ऐकून घेतले, आणि माझे मत हे आहे. मी वाचणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मला यंत्रावर ठेवून नगरहून पुण्याला हलवू नये. आजारपणात माझ्याशी लहान मुलाशी बोलतात तसे मोठ्याने, ओढून ओढून बोलू नये. सुई टोचण्यापूर्वी "काही दुखणार नाही" असे सांगू नये. दुखते. मी हजारो टोचल्या आहेत.

शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर मला मायाळू म्हणू नये.

३. याचा खुलासा करते, नाहीतर लोक म्हणतील की म्हातारी मरताना तुसडी झाली.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयांत नोकरी केली, बहुतेक वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात. त्या वॉर्डात पडदे नव्हते. पोटदुखीवाल्या बाईला भेटायला आलेले पाहुणे शेजारच्या खाटेवरची बाळंतीण बघत उभे राहायचे. मी पडद्यांची मागणी लिहून दिली. पुन्हा दिली. साहेब बदलले की नव्या साहेबांना नव्याने दिली. मी निवृत्त झाले तोवर पडदे आले नाहीत, मात्र रुग्णांशी प्रेमाने वागते म्हणून मला प्रशस्तिपत्र आले. ते काच लावलेले होते. मला तेवढ्या मापाचे कापड चालले असते.

तेव्हापासून 'दया' हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. दया म्हणजे माझ्या मते वेळेवर बदललेली चादर. मध्ये लावलेला पडदा. बाईला तिच्या शरीराबद्दल खरे काय ते तिला कळेल अशा शब्दांत सांगणे. हे सगळे पगारात बसते, त्याला माया लागत नाही. जिथे हे मिळत नाही तिथेच मायेचे कौतुक फार होते, असा माझा अनुभव आहे.

४. लेखनाबद्दल. निवृत्तीनंतर मला बसवत नव्हते, म्हणून मी लिहू लागले. आमच्या तालुक्यात एक साप्ताहिक निघते. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात होईल. संपादक हनुमंतराव यांनी मला आरोग्यावर सदर दिले. पाळीच्या वेळी काय खावे, साखर असलेल्याने पाय कसे जपावेत, बाळाला वरचे दूध कधी, असे मी लिहीत होते. लोक बाजारात थांबवून विचारायचे, त्यात मला आनंद होता, खोटे का बोलू. मात्र प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी उठून म्हणायचे, "सिस्टर, तुमचं मराठी किती चांगलं आहे हो!" माझा जन्म तिसगावचा, शाळा तिसगावची, वॉर्डातल्या शिव्या ऐकल्या त्याही मराठीत. मी म्हणायची, "तुमचंही चांगलं आहे." त्यांना त्यातले काही कळत नसे.

५. आता लंकाबाई भिमाजी गर्जे हिच्याबद्दल. या कागदात तिचे नाव घालायला तिची संमती आहे. ती संमती कशी मिळाली ते पुढे येईल.

लंकाबाई आमच्या शिवारातल्या वस्तीवर राहते. नवरा भिमाजी आणि ती दरवर्षी ऊसतोडीला जायचे. एका पावसाळ्याच्या शेवटी, दुपारी, ती माझ्या पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात सोनोग्राफीचा कागद. माझे सदर तिने वाचलेले नव्हते. सिस्टर इथे राहतात एवढेच ऐकले होते.

"शिष्टर, डाक्टर म्हंतो पिशवी खराब झालीया. काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे बायका हाच शब्द वापरतात. तिचे वय तेव्हा तिशीच्या आत होते. कागदावर गाठ लिहिलेली नव्हती, सूज लिहिलेली होती. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास तिला होता, तो पाण्यावाचून उसाच्या फडात राहणाऱ्या निम्म्या बायकांना असतो. मी तिला म्हटले, औषधाने बरे होईल असे मला वाटते, पण मी डॉक्टर नाही. नगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. अवयव एकदा काढला की परत बसवता येत नाही.

"मुकादम म्हंतो काढूनच टाक. पाळी न्हाई, खाडा न्हाई." पाळीच्या दिवसांत बाई फडात आली नाही की टोळीचा मुकादम त्या खाड्याचा दंड लावतो, हे तिने मला सांगितले. मला ते माहीत होते, तरी मी तिला पूर्ण सांगू दिले.

"आणि भिमाजी काय म्हणतो?"

"त्यो काय म्हननार. डाक्टरला घाबारतो, मुकादमाला घाबारतो. मला तेवडं घाबरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर भेटायचे ठरले. मी गेले. दोन गाड्या सोडल्या. ती आली नाही. नंतर कळले की त्याच सकाळी त्या डॉक्टरच्या दवाखान्यात तिला भरती केले होते. टाके नीट वाळायच्या आत ती कोयता घेऊन टोळीबरोबर गेली.

हंगाम संपल्यावर ती परत त्याच दारात आली. "काढली," एवढेच म्हणाली. कंबर धरून पायरीवर बसली. मी ओरडले. डॉक्टरवर, मुकादमावर, भिमाजीवर, आणि तिच्यावरसुद्धा, की एक दिवस थांबायला काय झाले होते.

ती म्हणाली, "तुमी वरडू नका. म्या वरडाय आलेय. तुमी ऐका."

मी ऐकले. तिने सांगितले त्यावर मी लेख लिहिला. तिचे नाव बदलते म्हटले तर म्हणाली, "माजंच नाव टाका. मी काय चोरी केली व्हय?" लेख तिला वाचून दाखवला, तिने दोन ठिकाणी दुरुस्त केला, मग मी तो हनुमंतरावांकडे दिला.

६. छापून आले त्यात डॉक्टर नव्हता. मुकादम नव्हता. दंड नव्हता. सोनोग्राफीचा कागद नव्हता. मथळा होता 'मायेचा हात'. एक गरीब, अडाणी ऊसतोड बाई आजारी पडते, तिला जगात कोणी नसते, ती सिस्टरच्या खांद्यावर डोके ठेवून रडते आणि सिस्टर तिचे डोळे पुसते. शेजारी माझा फोटो. तोही नोकरीतला, टोपी घातलेला.

लंकाबाईने तो वस्तीवरच्या एका मुलीकडून वाचून घेतला आणि पेपर घेऊन आली. तो टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"शिष्टर, ह्येच्यात तुमीच हाय. मी कुटं हाय?"

मी सांगू लागले की हे मी लिहिलेले नाही, संपादकांनी बदलले.

"मी रडती आन तुमी डोळं पुसता. मी कवा रडले? तुमी सांगा, कवा रडले?"

ती कधीच रडली नव्हती. लेखनाच्या माझ्या सगळ्या वर्षांत मला एवढा सरळ प्रश्न कोणत्या वाचकाने विचारला नाही. त्या दिवशी ती चहा न घेता गेली.

मी नगरला जाणारी गाडी धरली. हनुमंतराव तिथे छापखान्याजवळच्या कार्यालयात बसतात. माणूस उद्धट नाही, हीच त्यांची अडचण आहे. त्यांनी खुर्ची दिली, बिनसाखरेचा चहा मागवला.

"सिस्टर, त्या डॉक्टरांची दिवाळी अंकाला जाहिरात असते. आणि वाचकाला दिवसभर काबाडकष्ट करून गोड काहीतरी वाचायचं असतं. मी तुमचाच चांगुलपणा पुढे आणला ना? तुमची बदनामी तर नाही केली?"

"माझी नाही. तिची केली."

"गरीब दाखवली, त्यात बदनामी कसली?"

मी म्हटले, खुलासा छापा. ते म्हणाले, बघू. मी माझे सदर त्या दिवशी बंद केले. पुढच्या महिन्यात त्यांच्या साप्ताहिकाच्या वर्धापनदिनी 'आरोग्यमाउली' नावाचा पुरस्कार मला जाहीर झाल्याचे फोनवर कळले. मी नाही म्हटले. त्यांनी तो पोस्टाने पाठवला. पितळी हात आहे, तळव्यात दिवा. तो या मृत्युपत्रान्वये हनुमंतरावांना परत देत आहे. टपालखर्च माझ्या मिळकतीतून करावा, त्यांच्यावर टाकू नये.

७. लंकाबाईची समजूत काढायला मी वस्तीवर गेले. ती खुरपणीला गेली होती. बांधावर उभी राहून मी तिला म्हटले, मी पुन्हा लिहिते, दुसरीकडे पाठवते.

"तुमी नगा लिवू. तुमी चांगल्या हाय, पन तुमी लिव्हलं की माजं तुमचं व्हतं. मला चौथीपात्तुर येतंय. मी लिवती."

म्हणून पुढच्या खोलीत आमची बैठक सुरू झाली. कामाला खंड पडेल त्या दुपारी ती यायची. ती लिहायची, मी शेजारी बसायची. माझे काम तिने मागितला तो शब्द देणे, न मागता न देणे. हे मला फार अवघड गेले. मी तिच्या वाक्यांना वळण लावू पाहायची. ती माझ्या हातून पेन काढून घ्यायची. 'वेदना' या शब्दावरून आमचे मोठे वाजले. ती म्हणाली, "वेदना कुनाला व्हती? माजं कंबारडं दुखतंय." तिचेच राहिले.

पहिल्या पानावर तिने असे लिहिले आहे, आणि ते इथे देण्याची परवानगी तिने दिली आहे: "माजी पिशवी काढली. मला ईचारलं न्हाई आसं न्हाई. ईचारलं. पन हो म्हन म्हनून ईचारलं."

नोकरीत मी संमतीच्या शेकडो कागदांवर बायकांचे अंगठे घेतले. त्या कागदांबद्दल एवढे नेमके मला स्वतःला कधी लिहिता आले नाही.

तिचे ते लेखन तिचे आहे. माझ्या घरात, माझ्या कपाटात असले तरी तिचे आहे. माझा त्यावर हक्क नाही म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही, आणि माझ्या पश्चात कोणी त्यावर माझे नाव घालू नये. प्रस्तावनेतही घालू नये.

८. २०२४च्या जानेवारीतल्या महिला ग्रामसभेत लंकाबाईने ते स्वतः वाचले. अडखळत वाचले. जोडाक्षराला थांबायची. समोर बायका, दाराबाहेर पुरुष. भिमाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. ती वाचत असताना कोणीतरी "बास की आता" म्हणाले, तेव्हा भिमाजीने मागे वळून नुसते पाहिले. तो तेवढेच करू शकतो, पण ते त्याने केले हे नोंदवते.

वाचून झाल्यावर आणखी दोन बायका उठल्या. तोच डॉक्टर, तेच कॅन्सरचे भय. तिघींच्या सह्या-अंगठ्यांनी आणि माझ्या सहीने एक तक्रार तयार झाली आणि नगरच्या एका कार्यालयात दिली. डॉक्टरचे नाव त्या तक्रारीत आहे. इथे लिहू नका, असे सुकन्याताईंचे म्हणणे पडले, म्हणून लिहीत नाही.

तेव्हापासून मी पाठपुरावा करते आहे. आधी निवडणुकीची आचारसंहिता होती. मग साहेबांची बदली झाली. मग कागद दुसऱ्या टेबलावर गेला. मग जिल्ह्याचे नाव बदलले. मी नव्या नावाने स्मरणपत्र दिले. जुन्या नावाला उत्तर आले नव्हते, नव्यालाही आले नाही. एका बाबूने मला सांगितले, "मॅडम, तुम्ही इतकी सेवा केलीत, आता आराम करा ना." मला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. फेकला नाही. तेवढा मायाळूपणा माझ्यात आहे.

त्या दवाखान्याच्या बोर्डावर आता नवा रंग आहे. या दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी तिथे बायकांची रांग होती, असे लंकाबाईने सांगितले. ती दोघींना हाताला धरून नगरला घेऊन निघाली. एकीची पिशवी वाचली. दुसरी स्टँडवरूनच परत फिरली.

९. आता मिळकत. तिसगावातले माझे घर एका ओळीत तीन खोल्यांचे आहे. पुढची खोली रस्त्याकडे उघडते, तिला वेगळे दार आहे. ती खोली मी लंकाबाई भिमाजी गर्जे हिला देते. बँकेतली ठेव आणि दागिने धरून एकूण मिळकतीच्या एक तृतीयांशात ती बसते, हे सुकन्याताईंनी मांडून दाखवले आहे. मागच्या दोन खोल्या, ठेव, दागिने आणि भांडीकुंडी गनीभाईची. रक्तदाब मोजायचे यंत्र उपकेंद्रावरच्या ज्ञानेश्वरी सिस्टरला द्यावे. त्यांचे यंत्र बिघडले आहे आणि मागणी लिहून दिल्याला बराच काळ झाला आहे. माझ्या टोपीचे व गणवेशाचे फडके करावे. प्रदर्शनात ठेवू नये.

१०. पुढच्या खोलीवरून घरात जे झाले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी कोर्टात वेगळे सांगणार नाही.

गनीभाईचा मुलगा रमीज याला तिथे मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकायचे होते. तो वाईट मुलगा नाही. माझा फोन तो पैसे न घेता नीट करून देतो. त्याने विचारले, "फुप्पू, त्या बाईला मागची खोली द्या ना. लिहायलाच बसायचंय तर रस्ता कशाला?"

मी म्हटले, "दुखणं सांगायला येणाऱ्या बाईनं तुझ्या अंगणातून, तुझ्या बायकोला विचारून, तुझ्या दुकानातल्या पोरांसमोरून आत यायचं का?" त्याचा राग अजून असेल. असू दे.

गनीभाई संध्याकाळी आला. तो आठवडे बाजारात अत्तर आणि सुरमा विकतो. आयुष्यात त्याचा आवाज गिऱ्हाईकाला हाक मारण्यापुरताही चढलेला नाही. दर वेळी माझ्यासाठी पेढे आणतो. बहिणीला साखरेचा आजार आहे हे त्याला माहीत आहे, पण रिकाम्या हाताने येणे त्याला जमत नाही. त्याचे तोंड पडू नये म्हणून मी खाते. आम्हा भावंडांची माया अशी आहे. ती माझ्या पायाच्या बोटात दिसते.

"आपा," तो म्हणाला, "लोक म्हणतील, बहिणीला भावाचा भरवसा नव्हता."

"भरवसा आहे म्हणून तर ती तक्रार तुझ्यावर सोपवतेय."

"कसली तक्रार?"

"नगरची. माझ्यामागे तू जायचंस. काय झालं म्हणून विचारायचं. नाही सांगितलं तर पुन्हा जायचं."

तो घाबरला. "मला साहेबांपुढे बोलता येत नाही. मी अत्तर विकतो, आपा. मी कुणाशी भांडलो नाही कधी."

"मला ठाऊक आहे. सगळी भांडणं मीच केली. आता माझ्यात दम नाही."

तो पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसला. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. जाताना पुडा परत घेऊन गेला, हे मात्र पहिल्यांदा झाले.

सुकन्याताई म्हणतात, तक्रार वारसाने कोणाकडे जात नाही. त्यामुळे हे कलम आज्ञा म्हणून लिहिता येत नाही. विनंती म्हणून लिहिते. त्या डॉक्टरबद्दलच्या तक्रारीचे काय झाले, हे माझ्या भावाने विचारत राहावे.

११. खोलीचे लंकाबाईला सांगितले तेव्हा वाटले होते, तिला बरे वाटेल. ती उठूनच उभी राहिली.

"मला नगं."

"का?"

"उद्या लोक म्हंतील, शिष्टरनं कीव करून दिली. येकदा पेपरात मला रडावलंय. आता खोलीत बसवून रडावनार."

मी चिडले. म्हटले, कीव असती तर घोंगडी दिली असती, रस्त्याकडची खोली देऊन भावाशी वैर कशाला घेतले असते. तिने ते ऐकले. मग म्हणाली, "ह्ये खरं हाय." पुन्हा बसली. पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "माजं कलम मी सांगती. तुमी वळन लावायचं न्हाई."

तिने सांगितले ते पुढे आहे. त्यातल्या 'भांडलो' या शब्दाला सुकन्याताईंनी हरकत घेतली, 'मतभेद' सुचवला. मी लंकाबाईला विचारले. ती म्हणाली, "मतभेद तुमच्यात व्हत आसत्याल. आमी भांडलो." शब्द कायम ठेवला आहे.

१२. "मी लंकाबाई भिमाजी गर्जे. शिष्टरची पुडची खोली मी घेती. दया म्हनून घेत न्हाई. आमी दोगी तितं बसून भांडलो आन भांडून लिव्हलं म्हनून घेती. तितं दुकान टाकनार न्हाई, भाड्यानं देनार न्हाई. ज्या बाईला आपलं दुखनं सोता लिवायचं आसंल तिनं यावं. लिवता येत न्हाई तिनं बी यावं, शिकवू. रडायचं आसंल तरी यावं. पन छापायचं का न्हाई त्ये जिचं तिनं ठरवायचं. च्या जिचा तिनं करून घ्यायचा. शिष्टर जित्या हायेत तवर खोली त्यांचीच हाय, त्यांनी मरायची घाई करू नये."

१३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. सुकन्याताई यांनी करावी. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. हयातीत यात बदल करण्याचा हक्क माझा आहे, आणि माझा स्वभाव पाहता तो मी वापरीनही. सगळे लिहून झाल्यावर मन शांत होते असे म्हणतात. माझे झालेले नाही. पडदे आले नाहीत, खुलासा छापला नाही, तक्रारीला उत्तर नाही, पायाची जखम भरत नाही. हे असेच टाकून जावे लागणार याचा मला राग आहे, आणि तो राग शुद्धीत असल्याचाच पुरावा समजावा.

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केल्या. दोघांनाही या मिळकतीतून काही मिळणार नाही. हे ऐकूनही ते आले.

ठिकाण: तिसगाव
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

सही: शरिफा चाँदभाई आतार

साक्षीदार:
१. कारभारी, किराणा दुकानदार, तिसगाव. सही.
२. गोजरबाई, निवृत्त वॉर्ड आया, तिसगाव. सही. (अंगठा द्या म्हटले होते, सही येते म्हणाल्या.)

खाली वेगळ्या शाईत:

मी गनीभाई आतार. आपाने हा कागद मला वाचाया दिला. पुढच्या खोलीचे मला वाईट वाटते, ते लपवत नाही. पण आपाच्या पश्चात माझी हरकत राहणार नाही, हे मी राजीखुशीने लिहितो. काल सोमवारी नगरला जाऊन आलो. तक्रारीचे विचारले. साहेब मीटिंगला गेले म्हणाले. मी बसून राहिलो. मग एक जण म्हणाला, चाचा, तुम्ही कशाला त्रास घेता. तेव्हा माझा आवाज चढला. सगळे बघायला लागले. मलाच भीती वाटली. शिपायाने पाणी दिले आणि साहेब आत आहेत म्हणून सांगितले. साहेबांनी फाईल शोधली, सापडली नाही, गुरुवारी या म्हणाले. लंकाबाईकडून तक्रारीची झेरॉक्स घेतली आहे. गुरुवारी जातो. आपाच्या पश्चात नाही, आपा असतानाच जायला लागलो, म्हणजे घरी आल्यावर काय झाले ते तिला सांगता येईल.

सही: गनीभाई
ता. २५ नोव्हेंबर २०२५